फॉरमॅट मारण्याआधी

घरातला जुना कॉम्प्युटर हळू झाला की दोनच सल्ले मिळतात : फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. गेली काही वर्षं मी नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कॉम्प्युटर मार्गी लावून देते. बहुतेक ठिकाणी एक साधं काम राहून गेलेलं दिसतं. कॉम्प्युटर नेमका कशासाठी थांबतोय, हे कुणी पाहिलेलंच नसतं. प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क यांतला एखादाच भाग मागे पडतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत बसतात. तो भाग सापडला की निम्मं काम झालं.

शेजारच्या काकूंचा पीसी याचं चांगलं उदाहरण आहे. काकू घरी डीटीपीची कामं करतात : लग्नपत्रिका, शाळेच्या प्रश्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, मधूनच एखादा कवितासंग्रह. पीसी २०१३मध्ये असेंबल करून घेतलेला. तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क. त्यावर विंडोज १०, पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं जुनं पॅकेज. "सकाळी बटण दाबते, कुकर लावून येते, तरी ते चक्र गोल फिरतच असतं," असं काकू सांगत होत्या. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट सुचवला होता.

अशा वेळी मी आधी फक्त बघत बसते. कॉम्प्युटर सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि 'परफॉर्मन्स'च्या पानावर जायचं. काकूंच्या मशीनवर प्रोसेसर वीस टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. मेमरी ऐंशीच्या पुढे होती आणि डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसली होती. त्याच पानावर खाली 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' लिहिलेला असतो. तो आकडा कित्येकशे मिलिसेकंदांवर होता आणि प्रत्यक्ष वाचन सेकंदाला एक-दोन एमबीच. शंभर टक्के राबूनही डिस्कच्या हातून काही निघत नव्हतं.

याचं कारण हार्डडिस्कच्या रचनेत आहे. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चारेक मिलिसेकंद जातात. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागलेले असतात. एका वाचनाचे झाले तेरा. या हिशेबाने डिस्क सेकंदाला पाऊणशे ते शंभर ठिकाणीच पोचते. मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभर एमबीचा वेग सहज देते. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात आणि त्या तबकडीवर ठिकठिकाणी विखुरलेल्या असतात. वाण्याच्या दुकानात एकच पोऱ्या असावा आणि प्रत्येक पुडीसाठी त्याला माळ्यावर चढावं लागावं, तशी डिस्कची गत होते. त्यात रॅम ४ जीबीच. ती भरली की विंडोज जास्तीचा मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर आणखी एक ओझं.

हार्डडिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे एका वाचनाला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो. तेरा मिलिसेकंद आणि एक दशांश मिलिसेकंद यांच्यातलं अंतर हेच जुना कॉम्प्युटर वेगवान होण्याचं खरं कारण. खोक्यावर छापलेला सेकंदाला ५०० एमबीचा आकडा इथे दुय्यम आहे. एच-६१ बोर्डावरची साटा जोडणी जुन्या, ३ गिगाबिटच्या दर्जाची. ती सेकंदाला ३०० एमबीच्या पुढे जाऊच शकत नाही. तरीही काकूंना फरक पडणार होता, कारण त्यांचा वेळ खात होती ती डिस्कची शोधाशोध.

मात्र काहीही बदलण्याआधी डिस्कची तब्येत तपासावी लागते. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं मोफत साधन ती नोंद दाखवतं. मी दोन ओळी आधी बघते : 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'. दुसरी ओळ शून्यावर नसेल, तर डिस्कचे काही भाग वाचायला त्रास होतो आहे असं समजायचं, सगळी कामं थांबवायची आणि आधी फाइली बाहेर काढायच्या. काकूंच्या डिस्कवर दोन्ही ठिकाणी शून्य होतं. तरीही कामाच्या सगळ्या फाइली मी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. हे केल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे.

फाइलींबरोबर फॉन्टही उतरवले, आणि मराठी घरांसाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तोवर मजकूर मराठी दिसतो. फॉन्ट गेला की त्याच फाइलीत रोमन अक्षरं, कंस आणि चिन्हं यांची खिचडी उरते. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, सातवी, २००१ची. तिच्या सीडी आणि फॉन्ट पॅकेजचा परवाना आज किती घरांत जागेवर सापडेल? फॉरमॅट मारला असता तर काकूंच्या पत्रिका बाहेरच्या डिस्कवर राहिल्या असत्या, पण त्या वाचता आल्या नसत्या.

मग साफसफाई. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीत प्रिंटरचे मदतनीस, कुणीतरी टाकून दिलेले मेसेंजर, वेगवेगळे अपडेटर असे बरेच पाहुणे ठाण मांडून होते. लागणारे ठेवले, बाकीचे बंद केले. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालत होते. प्रत्येक फाइल दोघेही तपासणार, म्हणून एक काढला. ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढली. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला होता, तिथे जागा मोकळी केली. 'रजिस्ट्री साफ करा, वेग दुप्पट करा' असं सांगणारी सॉफ्टवेअर मात्र मी कधीच वापरत नाही. रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदींमुळे वेग जाणवण्याइतका कमी होत नाही, पण चुकीची नोंद उडाली तर चालतं सॉफ्टवेअर बंद पडतं. साफसफाईने थोडा फरक पडला. डिस्क अजूनही शंभरवर जात होती, पण निदान खाली तरी येत होती.

त्यानंतर कॅबिनेट उघडलं. यूपीएस बंद, वायर काढलेली, मग पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून उरलेली वीज घालवायची आणि कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगावरचा स्टॅटिक चार्ज उतरवायचा. प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसला होता. हवा आत शिरत नसली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. धूळ मऊ ब्रशने सोडवली आणि मग ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग बिघडू शकतं. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा मी बाहेरूनच साफ करते. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठलेली असते, म्हणून घरी तो कुणीच उघडू नये. हीटसिंकखालची पेस्ट सुकून पापुद्रा झाली होती. ती स्पिरिटने पुसून नव्या पेस्टचा छोटा ठिपका लावला आणि हीटसिंकच्या चारही खुंट्या आमनेसामनेच्या जोडीने दाबून बसवल्या. बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर २०३२, हीसुद्धा बदलली. ती संपली की तारीख चुकते आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळंही उघडू देत नाही. पुष्कळ जण याला नेटचा बिघाड समजतात.

रॅमच्या दोन खाचांपैकी एक मोकळी होती. तिथे आणखी ४ जीबी बसवली. खरेदी करताना पिढी जुळते आहे ना, एवढं पाहावं लागतं. या बोर्डाला डीडीआर-थ्री लागते. डीडीआर-फोरची पट्टी या खाचेत बसतच नाही, कारण तिची खोबण वेगळ्या ठिकाणी असते. पुण्यातली तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे बोर्डाचा मॉडेल क्रमांक लिहून नेला तर चुकीची वस्तू गळ्यात पडत नाही.

शेवटचं काम एसएसडीचं. २४० जीबीची एसएसडी घेतली, कारण वापरलेली जागा त्याहून कमी होती. नवी आणि जुनी डिस्क एकाच वेळी जोडून क्लोनिंगच्या सॉफ्टवेअरने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नवीवर उतरवली. विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, डेस्कटॉपवरचे विस्कटलेले आयकॉन, सगळं जसंच्या तसं. काही सॉफ्टवेअरचा परवाना हार्डडिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला असतो, हे आधी तपासून घ्यायचं. प्रत पूर्ण झाली की जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा मशीन सुरू करायचं. दोन डिस्कची ओळख एकच असल्याने विंडोजचा गोंधळ उडू शकतो. बायॉसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना, हेही पाहायचं. आणि एसएसडीवर डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) कधीच करायचा नाही. तिथे शोधाशोधच नसल्याने त्याचा उपयोग नाही, उलट झीज होते.

मशीन सुरू केलं तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत डेस्कटॉप आला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा प्रतिसाद एका मिलिसेकंदाच्या आत होता. काकूंनी पेजमेकर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि एक जुनी पत्रिका काढून फॉन्ट नीट दिसतोय का ते आधी पाहिलं. प्रोसेसर तोच होता, बोर्डही तोच.

या कामाला मर्यादा आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा असावा लागतो. तिसऱ्या पिढीचं मशीन अधिकृतपणे त्यात बसत नाही. म्हणून काकूंचा पीसी आता डीटीपीपुरताच आहे. नेटची वायर काढून ठेवली आहे आणि बँकेचे व्यवहार त्यावर होत नाहीत. ज्या घरात जुन्या फॉन्टची अडचण नाही, तिथे मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकून देते. ब्राउझर, पत्रलेखन, युनिकोड मराठी यांसाठी ती अशा मशीनवर चांगली चालते आणि तिला सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात.

तुमच्या घरात असा मागे पडलेला कॉम्प्युटर असेल, तर आधी पाच मिनिटं टास्क मॅनेजरसमोर बसा आणि कोणता भाग शंभरवर आहे ते बघा. दुरुस्तीवाल्याकडे जाताना फॉरमॅट नको, क्लोन हवा, असं स्पष्ट सांगा. जुनी डिस्क त्याच्याकडे सोडू नका. ती तुमच्या कामाची एक प्रत आहे, घरी नेऊन तारीख घालून ठेवा. आणि जुन्या फॉन्टमधला जो मजकूर पुढच्या पिढीने वाचावा असं वाटतं, तो हे मशीन चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये आणून ठेवा.