कोविड-१९ वर्धक मात्रेनंतरचे दुष्परिणाम

कोविड-१९ प्रतिबंधक लशीच्या मूळ मात्रा पूर्ण झाल्यानंतर दिल्या जाणाऱ्या पुढील मात्रेस वर्धक मात्रा किंवा बूस्टर डोस असे म्हणतात. या मात्रेमुळे शरीरात उद्भवणाऱ्या त्रासदायक लक्षणांना वर्धक मात्रेनंतरचे दुष्परिणाम म्हटले जाते. बहुतांश व्यक्तींमध्ये ते सौम्य असून काही दिवसांत ओसरतात. गंभीर दुष्परिणाम दुर्मीळ आहेत. लस घेतल्यानंतर झालेला प्रत्येक त्रास लशीमुळेच झालेला असतो असे नाही. मात्र लशीचे काही खरे दुष्परिणाम सामान्य लोकांनी सांगितलेल्या अनुभवांमुळेच अभ्यासकांच्या लक्षात आले. त्यामुळे असे अनुभव हा अंतिम पुरावा नव्हे, तर तपासण्यायोग्य संकेत मानला जातो.

पार्श्वभूमी

भारतात कोविड-१९ लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. वर्धक मात्रा 'प्रिकॉशन डोस' या नावाने १० जानेवारी २०२२ पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरील कर्मचारी आणि सहव्याधी असलेल्या ६० वर्षांवरील नागरिकांना देण्यात आली. १० एप्रिल २०२२ पासून ती १८ वर्षांवरील सर्वांसाठी खासगी केंद्रांवर खुली झाली, तर १५ जुलै २०२२ पासून ७५ दिवस शासकीय केंद्रांवर विनामूल्य उपलब्ध होती. प्रारंभी पूर्वी घेतलेलीच लस, म्हणजे प्रामुख्याने पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशिल्ड किंवा हैदराबादच्या भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन, वर्धक मात्रा म्हणून दिली जात असे. ऑगस्ट २०२२ मध्ये या दोन लशी घेतलेल्यांना कोर्बेव्हॅक्स ही वेगळी लस घेण्याचीही मुभा मिळाली.

सामान्य लक्षणे

दंड दुखणे व सुजणे, थकवा, डोकेदुखी, अंगदुखी, कणकण आणि ताप ही नेहमी आढळणारी लक्षणे होत. ती साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतात. लशीतील घटक ओळखून रोगप्रतिकारक यंत्रणा जी रसायने स्रवते, त्यांच्यामुळे ही लक्षणे उद्भवतात. तथापि त्रास न झाल्यास लस निष्प्रभ ठरली, असा अर्थ होत नाही. तरुणांमध्ये व स्त्रियांमध्ये अशा तक्रारी तुलनेने अधिक आढळतात.

अमेरिकेत ऑगस्ट व सप्टेंबर २०२१ मध्ये एमआरएनए लशीच्या तिन्ही मात्रा घेतलेल्या १२,५९१ व्यक्तींनी भ्रमणध्वनीवरून आपली लक्षणे कळवली. तिसऱ्या मात्रेनंतर ७९.४ टक्के व्यक्तींनी इंजेक्शनच्या जागी आणि ७४.१ टक्के व्यक्तींनी शरीरात इतरत्र त्रास झाल्याचे सांगितले. दुसऱ्या मात्रेनंतर हेच प्रमाण अनुक्रमे ७७.६ व ७६.५ टक्के होते. म्हणजेच तिसऱ्या मात्रेचा त्रास दुसरीसारखाच होता. फायझरच्या लशीबाबत मात्र काखेत अवधाण येण्याचे प्रमाण वर्धक मात्रेनंतर स्पष्टपणे वाढलेले आढळले.

नोसिबो परिणाम

त्रास होईल या अपेक्षेनेच प्रत्यक्ष त्रास जाणवणे, यास नोसिबो परिणाम म्हणतात. कोविड-१९ लशींच्या १२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार लशीऐवजी औषधी गुण नसलेले इंजेक्शन मिळालेल्यांपैकीही ३५ टक्के व्यक्तींनी पहिल्या आणि ३२ टक्के व्यक्तींनी दुसऱ्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा यांसारख्या तक्रारी केल्या. हा अभ्यास मूळ मात्रांपुरता होता. नोसिबोमुळे होणारा त्रास खोटा किंवा काल्पनिक नसतो. त्याचे कारण तेवढे लशीतील घटकांत नसते.

गंभीर दुष्परिणाम

तीव्र अधिहर्षता म्हणजेच ॲनाफिलॅक्सिस हा दुष्परिणाम बहुधा लस घेतल्यानंतर काही मिनिटांतच दिसतो. त्यामुळे भारतात लाभार्थ्यांना लसीकरण केंद्रावर ३० मिनिटे थांबवले जात असे. एमआरएनए लशींनंतर, विशेषतः तरुण पुरुषांमध्ये, हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची प्रकरणे आढळली. कोव्हिशिल्डसारख्या ॲडेनोविषाणूवर आधारित लशींनंतर प्लेटलेट कमी होऊन रक्तात गुठळ्या होण्याचा अतिदुर्मीळ विकार नोंदवला गेला. तो प्रामुख्याने पहिल्या मात्रेनंतर आढळला. छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र व न थांबणारी डोकेदुखी किंवा पायावर सूज येणे अशी लक्षणे आढळल्यास तातडीने वैद्यकीय मदत घेणे आवश्यक ठरते.

वैयक्तिक अनुभवांचे महत्त्व

मासिक पाळीतील बदल हे याचे ठळक उदाहरण आहे. लशींच्या मूळ चाचण्यांत पाळीविषयी पद्धतशीर विचारणा झाली नव्हती. २०२१ मध्ये अनेक स्त्रियांनी लशीनंतर अधिक रक्तस्राव झाल्याचे सांगितले, तेव्हा त्याचे कारण बहुधा ताणतणाव असल्याचे मानले गेले. अमेरिकेतील कॅथरीन ली व कॅथरीन क्लॅन्सी या मानववंशशास्त्रज्ञांनी स्वतःच्या अनुभवावरून सर्वेक्षण हाती घेतले. त्यात नियमित पाळी असलेल्यांपैकी ४२ टक्के व्यक्तींनी रक्तस्राव वाढल्याचे नोंदवले. सहभाग स्वेच्छेचा असल्याने हा आकडा सर्व स्त्रियांना लागू करता येत नाही. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने अतिरक्तस्रावाचा समावेश फायझर व मॉडर्नाच्या लशींच्या दुष्परिणामांच्या यादीत करण्याची शिफारस केली. पहिल्या व दुसऱ्या मात्रेबरोबरच वर्धक मात्रेनंतरही असा त्रास नोंदवला गेला होता.

भारतातील नोंद व तपासणी

लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची कारणमीमांसा भारतात राष्ट्रीय समिती करते. मूळ मात्रांच्या काळातील ३१ गंभीर प्रकरणांचा तिचा अहवाल जून २०२१ मध्ये समोर आला. त्यांपैकी १८ घटना योगायोगाच्या, ७ अनिर्णित, ३ लशीशी संबंधित व १ भीतीशी संबंधित ठरली. उर्वरित २ घटनांचे वर्गीकरण करता आले नाही. लशीशी संबंधित तीन घटनांपैकी एकात ॲनाफिलॅक्सिसमुळे मृत्यू झाला होता.

जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लसीकरणाची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. तसेच व्यक्तींना व खासगी डॉक्टरांना प्रतिकूल परिणामांची नोंद करता यावी, आणि नोंदवणाऱ्याची गोपनीयता राखून ती माहिती सर्वांना पाहता यावी, अशी व्यवस्था उभारण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले.