वाळूत रुतलेला राजपुत्र

पलूस, तासगाव, इस्लामपूर या पट्ट्यात नव्वदीनंतर जे कॉम्प्युटर क्लासला गेले, त्यांना डॉसच्या आज्ञा आज आठवणार नाहीत. सर बाहेर गेले की सुरू होणारा 'प्रिन्स' मात्र आठवेल. तळघरातून पळणारा, उडी चुकली की खालच्या सुळ्यांवर पडून मरणारा. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने 1989 मध्ये तो खेळ केला. त्यातले धावणे आणि उड्या धाकट्या भावाचे चित्रीकरण करून त्यावरून रेखाटल्या होत्या. पुढे 2003 मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्याची कथा सुरूच होते ती एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यात. उडी चुकली तर खंजिराच्या जोरावर काळ मागे घ्यायचा, ही त्यातली सगळ्यात भारी करामत.

सप्टेंबर 2020 मध्ये याच खेळाची नवी आवृत्ती जाहीर झाली आणि ती करत होते पुण्या-मुंबईचे स्टुडिओ. किंमत 40 डॉलर, तारीख जानेवारी 2021. झलक पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली: चेहरे मख्ख, चित्रे जुनाट. तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत. मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे सोपवले गेले आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने प्रकल्पच गुंडाळला. आपल्या मुलांना जमले नाही, असे म्हणणारे आपल्यातही निघाले. मला ते पटत नाही. माँट्रियलकडे साडेतीन वर्षे काम असूनही खेळ बाहेर आला नाहीच.

मग नव्या आवृत्त्या फसतात तो दोष नफ्याचा का? तसे म्हणायचे तर कॅपकॉम कंपनीचे काय करायचे? त्यांनी 1998 चा 'रेसिडेंट इव्हिल 2' 2019 मध्ये पायापासून नव्याने बांधला. छतावर टांगल्यासारखा स्थिर कॅमेरा काढून तो नायकाच्या खांद्यामागे आणला, पोलीस ठाण्यातली भीती मात्र जपली. प्रती एक कोटीच्या वर गेल्या. तोही धंदाच होता. 'एज ऑफ एम्पायर्स 2' 2019 मध्ये नव्या रूपात आला आणि 2022 मध्ये त्यात बंगाली, द्रविड, गुर्जर आले. (मराठे अजून नाहीत, मध्ययुगाची चौकट म्हणून सोडून देऊ.)

उलट उदाहरण 'जीटीए'चे. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने 'व्हाइस सिटी' खेळलेल्यांना ते लागेल. नोव्हेंबर 2021 मध्ये त्या मालिकेतले तीन खेळ एकत्र, नव्या झिलईसह आले. पाऊस असा की समोरचा रस्ता दिसेना, पाट्यांवर शुद्धलेखनाच्या चुका, ओळखीची माणसे विद्रूप. त्याहून वाईट म्हणजे त्याआधीच मूळ खेळ ऑनलाइन दुकानांतून काढले गेले होते. ओरड झाल्यावर माफी आली आणि पीसीसाठी जुने खेळ परत देण्याचे कबूल झाले. 'वॉरक्राफ्ट 3'च्या बाबतीत 2020 मध्ये जुन्या ग्राहकांच्या हातातला खेळच नव्या आवृत्तीखाली गाडला गेला.

माझा आक्षेप मूळ खेळ असा काढून घेण्याला आहे. नाटकात तसे होत नाही. आमच्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात जन्मलेल्या बालगंधर्वांनी किर्लोस्करांचे 1882 चे 'सौभद्र' वर्षानुवर्षे गाजवले. गंधर्व कंपनीने शालू, अत्तरे आणि पडद्यांवर इतका पैसा ओतला की ती कर्जात बुडाली. त्यानंतर कितीतरी मंडळींनी 'सौभद्र' केले. काहींनी पदे कापली, काहींनी गल्ल्यासाठी उरकले. पण पडेल प्रयोगाने नाटकाची संहिता नष्ट झाली नाही. दुसऱ्या कोणी उचलावी, नीट बसवावी. व्हिडिओ गेममध्ये संहिता, रंगमंच आणि तिकीटखिडकी एकाच कंपनीच्या ताब्यात असते. तिने मूळ खेळ काढून घेतला की तुलनाच संपते. अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे 87 टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये दाखवून दिले.

म्हणून नव्या आवृत्तीला विरोध नको; खुशाल करा, पैसेही कमवा. अट एकच: मूळ खेळ शेजारी विकायला ठेवा. पुण्या-मुंबईच्या हातून सुटलेल्या राजपुत्राबाबत ती अट तरी पाळली गेली आहे. 2003 चा 'सँड्स ऑफ टाइम' आजही संगणकासाठी विकत मिळतो, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतो. या सुट्टीत मुलांना तो आधी खेळायला द्या.