सरकारी दर म्हणजे किंमत नव्हे!

तंजावरी मराठी कुटुंबांत वडिलोपार्जित घराच्या वाटणीचा विषय निघाला की बोलणं ठरल्या वाटेनेच जातं. एक भाऊ चेन्नईला, बहीण पुण्यात, पुतण्या न्यू जर्सीत आणि घर तिरुवैयारूला, कावेरीच्या काठाजवळच्या एखाद्या जुन्या गल्लीत. कुणीतरी मोबाइल काढतं, तमिळनाडूच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर गल्लीचं नाव घालतं आणि जाहीर करतं, "ही बघा किंमत. सरकारनेच ठरवलीय. व्हॅल्युअरला पैसे कशाला द्यायचे?" पुण्याची ताई मान डोलावते, कारण तिच्याकडे रेडी रेकनरबद्दल हेच मानतात. पुतण्या म्हणतो, "काका, इंटरनॅशनल व्हॅल्युएशन करून घ्या, खरा आकडा कळेल."

दोन्ही मतं चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे : किंमत कुठेतरी आधीच लिहून ठेवलेली आहे, आपण फक्त योग्य वही उघडायची. ही समजूत इतक्या वेळा ऐकली आहे की आता ती एकदाची सविस्तर खोडून काढलेली बरी.

गैरसमज : नोंदणी खात्याचा दर हीच मालमत्तेची किंमत

तमिळनाडूत ज्याला 'गाइडलाइन व्हॅल्यू' म्हणतात, तोच महाराष्ट्रातला 'वार्षिक मूल्यदर तक्ता' उर्फ रेडी रेकनर. दोन्हींचा जन्म एकाच कारणाने झाला. लोक खरेदीखतात कमी रक्कम दाखवून मुद्रांक शुल्क चुकवत होते. दस्तात लिहिलेली रक्कम संशयास्पद आहे का, हे दुय्यम निबंधकाला चटकन कळावं म्हणून गल्लीगणिक आणि सर्व्हे नंबरनिहाय दरांचा तक्ता त्याच्या हाती दिला गेला. या तक्त्याचं काम एवढंच.

हे माझं मत आहे असं वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचं ऐका. तमिळनाडूतल्या गाजलेल्या 'टान्सी' जमीन प्रकरणात, म्हणजे आर. साई भारती विरुद्ध जे. जयललिता या खटल्यात, हाच प्रश्न आला होता : गाइडलाइन व्हॅल्यूपेक्षा कमी रकमेत झालेला व्यवहार म्हणजे सरकारी मालमत्ता कवडीमोलाने विकली असं धरायचं का? २००३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की हा दर मुद्रांक कायद्याच्या कलम ४७-अ पुरता उपयोगाचा आहे आणि तिथेही तो केवळ प्रथमदर्शनी आधार आहे. बाजारभावाचा अखेरचा पुरावा नाही. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, जवाजी नागनाथम खटल्यात आंध्रातल्या अशाच दरनोंदवहीच्या आधारावर भूसंपादनाचा बाजारभाव ठरवायला न्यायालयाने नकार दिला होता.

निकाल वाचायचा कंटाळा असेल, तर साधा हिशेब करा. तमिळनाडूत २०१२ साली ठरलेले दर पाच वर्षं जवळपास तसेच राहिले. ९ जून २०१७ रोजी सरकारने ते राज्यभर ३३ टक्क्यांनी खाली आणले आणि त्याच वेळी नोंदणी शुल्क १ टक्क्यावरून ४ टक्के केलं. १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा २०१२ चे दर लागू केले आणि खरेदीखतावरचं नोंदणी शुल्क २ टक्क्यांवर आणलं. दर परत आणणारं परिपत्रक पुढे मद्रास उच्च न्यायालयात टिकलं नाही. आता सांगा, ८ जून २०१७ ला तिरुवैयारूतल्या घराची जी किंमत होती, ती ९ जूनच्या सकाळी एक तृतीयांशाने उतरली का? कावेरी तीच, गल्ली तीच, भिंतीही त्याच. बदललं होतं ते करवसुलीचं धोरण. महाराष्ट्रात २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत रेडी रेकनरचे दर वाढवलेच नाहीत. त्या दोन वर्षांत पुण्यातले फ्लॅट होते त्याच भावात विकले गेले, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तक्त्याला बाजारभाव कळत नाही, याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. तो गल्ली पाहतो, घर पाहत नाही. तिरुवैयारूच्या जुन्या वस्तीतली घरं अरुंद दर्शनी आणि खोल : पुढे तिण्णै, मग माजघर, चौक, स्वयंपाकघर, मागे परसू. एकाचं परसू मागच्या वाटेपर्यंत खुलं, शेजारच्याचं बंद. एकात जुना भाडेकरू बसलेला, दुसऱ्याच्या उताऱ्यावर चार चुलतभावांची नावं. तक्त्यात दोघांचा दर एकच. शेतीतही हीच गत. खोऱ्यातल्या भातशेतीचं वर्ष मेट्टूर धरणाच्या पाण्यावर चालतं. धरण उघडण्याचा रिवाजाचा दिवस १२ जून. कुरुवै, सांबा, ताळडी यांपैकी किती पिकं हाती लागतील हे पाणी कधी आणि कुठवर पोचतं यावर ठरतं. कालव्याच्या तोंडाशी असलेलं शेत आणि शेपटाकडचं शेत यांत शेतकऱ्याला जो फरक दिसतो, तो तक्त्यात उमटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट हक्काची. देवळांच्या गावांत कित्येक घरांखालची जमीन देवस्थानची असते. घरमालक पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचं भाडं भरतो आणि त्याच्या मालकीचं असतं ते फक्त वरचं बांधकाम. अशी जमीन विकायला निघालात तर नोंदणीच नाकारली जाते. मग गल्लीच्या दराला चौरस फुटांनी गुणून काढलेल्या आकड्याचं करायचं काय? आधी हक्क आणि मग किंमत, हा धडा खरं तर तंजावरी मराठ्यांना कुणी शिकवायला नको. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि ईस्ट इंडिया कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातली खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या न्यायालयात जिंकल्या, पण १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. मालमत्ता काय मोलाची होती याला त्या खटल्यात महत्त्वच नव्हतं; ती कुणाची, हाच प्रश्न होता.

म्हणजे सरकारी दर निरुपयोगी? तसंही नाही. मुद्रांक शुल्क त्यावर ठरतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मुद्रांकासाठीचा दर, आसपासच्या विक्रीची सरासरी आणि संमतीची रक्कम यांतली जास्त असेल ती धरतात, म्हणून तिथे तो तळाचा आधार ठरतो. सरकारी दराने येणारी रक्कम करारातल्या रकमेच्या ११० टक्क्यांहून जास्त भरली, तर आयकर खातं सरकारी दराचीच रक्कम विक्रीची किंमत मानतं. मात्र विक्रेत्याने आक्षेप घेतला तर प्रकरण व्हॅल्युएशन ऑफिसरकडे पाठवण्याची सोय कायद्यातच आहे. सरकारी दर आणि बाजारभाव एकच असते, तर या सोयीची गरजच पडली नसती.

गैरसमज : 'इंटरनॅशनल' म्हणजे परदेशातून ठरून आलेला भाव

आता पुतण्याचं म्हणणं. जगात अशी एकही संस्था नाही जी तिरुवैयारूच्या, न्यू जर्सीच्या किंवा आणखी कुठल्या घराचा 'आंतरराष्ट्रीय भाव' सांगते. मूल्यांककांच्या संस्था देशोदेशी एकत्र आल्या त्या भाव ठरवायला नाही, भाव ठरवण्याची रीत ठरवायला. आणि त्या हौसेने नाही, ठेच लागल्यावर एकत्र आल्या.

ब्रिटनमध्ये १९७३-७४ ला मालमत्तेचा बाजार कोसळला, फुगवलेल्या मूल्यांकनांवर कर्जं दिलेल्या वित्तसंस्था अडचणीत आल्या आणि १८६८ पासूनच्या आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेने मूल्यांकनाचे नियम लिहायला घेतले. त्याच सुमारास कंपन्यांचे ताळेबंद देशांच्या सीमा ओलांडू लागले होते. एका देशातली इमारत दुसऱ्या देशातल्या गुंतवणूकदाराला कळेल अशा पद्धतीने मोजायची तर शब्दांचे अर्थ आधी एक हवेत. म्हणून १९८१ मध्ये काही देशांच्या व्यावसायिक संस्थांनी मिळून एक समिती स्थापन केली; आजची इंटरनॅशनल व्हॅल्युएशन स्टँडर्ड्स कौन्सिल, म्हणजे आयव्हीएससी, ही तिचीच वारस. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात सेव्हिंग्ज अँड लोन संस्था धडाधड बुडाल्या. तिथल्या मूल्यांकक संस्थांनी १९८७ मध्ये ॲप्रेझल फाउंडेशन उभं केलं. त्यांची मानकं वेगळी आहेत, पण आयव्हीएससीबरोबर बसून दोन्ही मानकांमधली वाट दाखवणारं मार्गदर्शकही त्यांनी काढलं. युरोपातल्या संस्थांचा टेगोवा हा संघ आपली वेगळी मानकं काढतो. आरआयसीएसच्या 'रेड बुक'मध्ये आयव्हीएससीची मानकं सामावलेली आहेत.

या सगळ्या खटाटोपातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बाजारमूल्याची व्याख्या. घेणारा राजी, देणारा राजी, दोघांत नातं वा दबाव नाही, मालमत्ता पुरेसा काळ बाजारात मांडलेली आहे, दोघांनाही माहिती आहे आणि दोघंही शहाणपणाने वागत आहेत. अशा व्यवहारात, ठरावीक तारखेला, ती जेवढ्याला जाईल असा अंदाज आहे, ते बाजारमूल्य. भावाने भावाला दिलेला 'घरातला' भाव, कर्जापायी घाईत विकलेल्या शेताचा भाव आणि नोंदणी खात्याचा दर, तिन्ही या व्याख्येबाहेर पडतात. तिथवर पोचण्याचे मार्गही तीन ठरलेले आहेत : तसेच व्यवहार पाहणं, उत्पन्न पाहणं, किंवा तसं बांधायला येणारा खर्च काढून त्यातून झीज वजा करणं. कोणता मार्ग का निवडला, हे अहवालात लिहावं लागतं.

हे परदेशी खूळ नाही. आपल्या कायद्यानेच ते आत घेतलं आहे. कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये आलेल्या नोंदणीकृत मूल्यांकक नियमांत म्हटलं आहे की केंद्र सरकार स्वतःची मानकं अधिसूचित करेपर्यंत मूल्यांककाने आंतरराष्ट्रीय मान्यतेची किंवा एखाद्या नोंदणीकृत मूल्यांकक संघटनेने स्वीकारलेली मानकं पाळावीत. आयव्हीएससीच्या मानकांची ताजी आवृत्ती ३१ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. तिच्यातली एक अट अशी : ज्या मालमत्तेचं काम घेतलं, तिचं पुरेसं ज्ञान मूल्यांककाला हवं. म्हणजे कंडियूरचा रस्ता आणि कालवा न पाहता परदेशात बसून तिरुवैयारूच्या शेताचा आकडा काढणाऱ्याने ते आंतरराष्ट्रीय मानकच मोडलेलं असतं.

इतर गैरसमज, थोडक्यात

*चौरस फूट सगळीकडे सारखाच.* फूट सारखाच, पण काय मोजलं हे सारखं नसतं. भिंती धरल्या की सोडल्या, बाल्कनी घेतली की नाही, यावर एकाच इमारतीचं क्षेत्रफळ बदलतं. म्हणूनच जगभरच्या व्यावसायिक संस्थांनी २०१३ मध्ये आघाडी करून मोजमापाची समान मानकं काढली. तंजावर भागात त्यात कुळी, मा आणि वेलीची भर : १४४ चौरस फुटांची एक कुळी, १०० कुळींचा एक मा, २० मांची एक वेली, म्हणजे सुमारे ६.६ एकर. पुण्याच्या ताईने गुंठ्यात हिशेब केला तर भांडण पक्कं.

*दोन अहवालांत दोन आकडे, म्हणजे एक खोटा.* मूल्यांकन हे मत आहे. इंग्लंडच्या न्यायालयाने १९७७ मध्येच साधारण १० टक्के इकडेतिकडे चालतं असं मानलं होतं. ५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्या, असं आपली रिझर्व्ह बँकच बँकांना सांगते.

*परदेशी संस्थेचा सदस्य म्हणजे इथे परवाना.* नाही. कंपनी कायद्याच्या किंवा दिवाळखोरी संहितेच्या कामासाठी आयबीबीआय या दिवाळखोरी मंडळाकडे वेगळी नोंदणी लागते, तीही जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि वित्तीय मालमत्ता अशा तीन वेगळ्या वर्गांत.

*१ एप्रिल २००१ ची किंमत मनाला येईल ती टाकावी.* भांडवली नफा काढताना त्या तारखेचा मुद्रांक दर उपलब्ध असेल तर त्याहून जास्त आकडा घेता येत नाही. इथे मात्र मोबाइलवाल्या भावाचा तक्ता चालतो.

*बँकेने काढलेली किंमत म्हणजे विकल्यावर मिळणारी.* बँकेला कर्ज बुडाल्यावर काय वसूल होईल याची काळजी असते. अहवालात सक्तीच्या विक्रीचा वेगळा, कमी आकडाही बहुधा असतोच.

वाटणीला बसायचं असेल तर मोबाइल बाजूला ठेवा आणि मूल्यांककाला पाच गोष्टी विचारा : किंमत कोणत्या तारखेची, कोणत्या कामासाठी, कोणत्या हक्काची, कोणत्या व्याख्येने आणि कोणत्या व्यवहारांच्या पुराव्यावर. पाचही उत्तरं अहवालात लेखी नसतील, तर त्याच्यावर कितीही आंतरराष्ट्रीय शिक्के असोत, तो परत करा.