टोमॅटोला हवी पानांची सावली

एप्रिल उजाडला, की शहरातील गच्च्या आणि बाल्कन्यांमधून एक तक्रार हमखास ऐकू येते. माघात लावलेल्या टोमॅटोच्या रोपांना फळे धरतात, ती चांगली लिंबाएवढी होऊन फुगतात आणि रंग धरण्याच्या ऐन बेतात असताना त्यांच्या एका अंगावर पांढुरका, पिवळट चट्टा उमटतो. दोन-चार दिवसांत तेथील साल कागदासारखी पातळ होते, आतला गर बसतो आणि पाठोपाठ काळी बुरशी शिरते. तीन महिन्यांची निगा आठवडाभरात वाया जाते. बहुतेकांना हा रोग वाटतो आणि औषधांची शोधाशोध सुरू होते. प्रत्यक्षात ते फळ उन्हाने भाजलेले असते. शेतीशास्त्रात या विकृतीला ‘सनस्कॅल्ड’ म्हणतात.

त्याची खूण सोपी आहे. चट्टा नेहमी उन्हाकडच्या, म्हणजे बहुधा पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या बाजूलाच असतो. पानाआड राहिलेले त्याच घोसातील फळ निरोगी असते. फळ देठाच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे बुडाशी काळे पडत असेल, तर दुखणे वेगळे आहे. पाणी कधी जास्त, कधी कमी मिळाल्याने फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, तेव्हा तसे होते. त्यावर सावलीचा उपाय लागू पडत नाही.

पानांना सोसते ते ऊन फळाला का सोसत नाही, याचे कारण दोहोंच्या रचनेत आहे. पानांवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि घामाने आपले अंग निवावे तसे पान थंड राहते. टोमॅटोच्या सालीवर अशी छिद्रेच नसतात. उघड्यावरचे फळ नुसते तापत राहते आणि त्याच्या सालीचे तापमान हवेपेक्षा १० अंशांनीही वर जाऊ शकते. हवा ४० अंशांवर असेल, तेव्हा फळाच्या सालीचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी. पूर्ण वाढलेले पण अजून लाल न झालेले फळ या बाबतीत सर्वांत नाजूक असते.

अनेक हौशी बागकामप्रेमी नेमके याच वेळी फळाभोवतीची पाने छाटतात. फळाला ऊन लागले की ते लवकर पिकेल, हा त्यामागचा समज. टोमॅटो पिकतो तो स्वतःच तयार केलेल्या इथिलिन वायूमुळे आणि बेताच्या उबेमुळे. बंद कपाटात ठेवलेला टोमॅटोही लाल होतो, हा तर घरोघरचा अनुभव आहे. उलट अति उष्णता त्याचा रंग बिघडवते. लाल रंग देणारे लायकोपिन साधारण २० ते २५ अंशांत उत्तम तयार होते आणि ३० अंशांच्या पुढे त्याची निर्मिती मंदावते. पिवळी रंगद्रव्ये मात्र तयार होत राहतात. म्हणूनच उन्हाळी टोमॅटोच्या देठाकडचा भाग पिवळसर, टणक राहतो.

तेव्हा या दिवसांत कात्री आवरती घ्यावी, हे उत्तम. थंड देशांसाठी लिहिलेल्या बागकामाच्या पुस्तकांत पाने विरळ करण्याचा सल्ला असतो. नागपूर-अकोल्याच्या उन्हात तो पाळणे म्हणजे फळांवरची छत्री आपणच मिटणे होय. बुडाशी असलेली, जमिनीला टेकणारी किंवा करप्याची पाने काढण्यास हरकत नाही. एरवी हिवाळ्यात खुडून टाकल्या जाणाऱ्या बगलफुटीही एक-दोन राखाव्यात. फांद्या काठीला बांधतानाही घोस पानांच्या आत राहतील, असे पाहावे.

पानांची सावली कमी पडत असेल, तेथे कृत्रिम सावली करावी लागते. सोलापूर भागातील शेतकरी डाळिंबाची फळे उन्हाने डागाळू नयेत म्हणून बागेवर जुन्या साड्या पसरतात. तीच युक्ती गच्चीवरही चालते. विकतची शेडनेट घ्यायची, तर ३५ किंवा फार तर ५० टक्क्यांची घ्यावी. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली रोपे उंच, लेचीपेची होतात आणि फळेही कमी धरतात. जाळी रोपावर न टाकता दीड-दोन फूट उंच बांधावी, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. सकाळचे कोवळे ऊन रोपाला हवेच असते. अडवायचे ते दुपारी बारा ते चारचे. त्यामुळे केवळ पश्चिमेला आडोसा केला, तरी निम्मे काम होते. त्या बाजूला दोडक्याचा किंवा कारल्याचा वेल चढवला, तर भाजीही मिळते.

गच्चीवरच्या बागेला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे तापलेली फरशी. सूर्य मावळल्यानंतरही ती उष्णता ओकत राहते. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, पांढऱ्या भिंतीपासून थोड्या दूर सराकवाव्यात आणि काळ्या पिशव्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळावे. मातीवर वाळक्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. पाणी सकाळी लवकर, भरपूर द्यावे. कुंडी लहान असेल, तर संध्याकाळी पुन्हा. भर दुपारी पाने माना टाकतात, तेव्हा घाबरून पाणी ओतत सुटण्याची गरज नाही. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर मुळांशी ओलावा पुरेसा आहे असे समजावे. निंबोळी तेलाची फवारणी मात्र ऊन उतरल्यावरच करावी, अन्यथा तेलाने पानेच करपतात.

दिवसाचा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचाही २४-२५ च्या खाली उतरत नसेल, तर परागकण निकामी होऊन फुले गळू लागतात. त्यावर खताचा मारा करून उपयोग होत नाही. रोप जगवावे आणि हवा निवण्याची वाट पाहावी.

धरलेली फळे वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे ती लवकर उतरवणे. फळाच्या बुडाशी गुलाबी-पिवळी झाक दिसू लागली, की ते खुडावे आणि आंब्याच्या अढीप्रमाणे घरातील गार कोपऱ्यात, कागदावर पसरून ठेवावे. फ्रीजमध्ये ठेवू नये. तेथे पिकणे थांबते आणि चवही जाते. चट्टा पडलेले फळ बुरशी लागण्यापूर्वीच काढले, तर खराब भाग कापून उरलेले त्याच दिवशी आमटीत घालता येते.

जूनमध्ये पावसाळी ढग दाटू लागले, की जाळी लगेच उतरवावी. आभाळ भरलेले असताना ती तशीच राहिली, तर रोपे उजेडासाठी ताणून उंच होतात आणि सतत ओल्या राहणाऱ्या पानांवर करपा पसरतो.