मुलाचे मन जाणून घेताना

ऊसतोडीच्या हंगामात ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातील शाळांत बाहेरगावच्या मजुरांची मुले येतात. त्यांपैकी एखादे मूल वर्गात गप्प बसते, वारंवार गैरहजर राहते. अशा वेळी शिक्षा व उपदेश हे दोन उपाय सहज सुचतात. पहिल्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे. दुसऱ्याने मूल बहुधा अधिकच मिटते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनी तिसरा मार्ग दाखविला. मुलाचा विनाअट स्वीकार, त्याच्या जागी उभे राहून त्याचे मन समजून घेणे आणि स्वतःच्या वागण्यातील खरेपणा, ही त्याची तीन अंगे होत. स्वीकार म्हणजे गैरवर्तनास संमती नव्हे. वर्तन चुकले तरी मूल नाकारू नये, एवढाच त्याचा अर्थ. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजींनी (१८९९-१९५०) मुलांची मने याच जिव्हाळ्याने जिंकली होती.

"का आला नाहीस?" असे दरडावण्याऐवजी एकीकडे बसवून "काल घरी काय झाले रे?" असे विचारावे व उत्तरास वेळ द्यावा. "धाकट्याला सांभाळत होतो," असे मूल म्हणाले, तर "त्याला एकटा टाकून येववेना, होय ना?" एवढेच म्हणावे. ऐकले गेल्याची खात्री पटली की मूल मोकळे होते. मग धाकट्यास अंगणवाडीत ठेवण्यासारखा मार्ग त्याच्यासह व पालकांसह शोधावा.

मात्र मुलाच्या सुरक्षिततेस धोका दिसल्यास ती गोष्ट मनात ठेवू नये. मुख्याध्यापकांस तत्काळ कळवून १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाची मदत घ्यावी.