मानमोडीवरचा आळ

सामना रंगात आलेला असतो. दादा पाणी प्यायला आत जातो आणि नेमका षटकार बसतो. तो परत येऊन टेकतो न टेकतो तोच विकेट. मग घरभर एकच ओरडा, "दादा, तू आतच थांब बाबा, पनवती आहेस नुसती!" अशा दादाला इंग्रजीत जिंक्स म्हणतात. शब्द एवढासा, पण त्याचा माग काढत गेलं तर एका टोकाला ग्रीकांचं वशीकरण लागतं आणि दुसऱ्या टोकाला दौंड तालुक्यातला माळ.

पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतच्या पुढे भांडगाव लागतं. जवळच भुलेश्वरचा डोंगर. आजूबाजूला कुसळी गवत, बोरी, बाभळी. अशा उघड्या रानात हिवाळ्यात उत्तरेकडून एक पाहुणा उतरतो. चिमणीपेक्षा जरा मोठा, १६-१७ सेंटिमीटरचा. पाठीवरची नक्षी अशी, की वाळक्या खोडाला लागून बसला तर सालच वाटावी. मराठीत याचं नाव मानमोडी, आणि शास्त्रीय नाव जिंक्स टॉरक्विला.

कुळ सुताराचं. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, अगदी सुतारपक्ष्यासारखी. पण लाकूड कोरण्याचं काम याला झेपत नाही. चोच तेवढी दणकट नाही आणि खोडाला टेकू द्यायला शेपटीही ताठ नाही. हा आपला जमिनीवर उतरतो आणि लांब चिकट जीभ बिळात सारून मुंग्या ओढून खातो. खरी करामत मानेत आहे. कोणी ढोलीत हात घातला किंवा याला धरलं, की हा मान लांब ताणतो, सापासारखी सावकाश फिरवतो, पार तोंड पाठीकडे होईपर्यंत, आणि वर फूत्कारही टाकतो. अंधाऱ्या ढोलीत डोकावणारा साप समजून मागे सरतो. विष नाही की शिकारी नखं नाहीत, सोंगावरच सगळी भिस्त.

हे सोंग ग्रीकांना चेटूक वाटलं. त्यांच्या भाषेत या पक्ष्याचं नाव इयुंक्स. इसवी सनापूर्वी ४६२च्या सुमारास पिंडार या कवीने सांगितलेल्या कथेत अफ्रोडाइटी देवी हा पक्षी चार आऱ्यांच्या चाकाला बांधून जेसन या वीराला देते, मीडिया या राजकन्येचं मन वळवण्यासाठी. मान वळवणाऱ्याकडून मन वळवून घ्यायचं! पुढे थिओक्रिटसच्या काव्यात सिमिथा नावाची तरुणी असंच चाक फिरवून दुरावलेल्या प्रियकराला घराकडे ओढू पाहते. म्हणजे दुर्दैवाचा पत्ताच नाही, सगळा मामला प्रेमाचा. बिचाऱ्या पक्ष्याचे हाल झाले ते वेगळेच.

सतराव्या शतकात इंग्रजीत जिंक्स हा शब्द मंत्र-चेटूक या अर्थाने दिसतो. मग एकदम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, तोही बेसबॉलच्या मैदानावर! क्रिस्टी मॅथ्यूसन या नामांकित गोलंदाजाने १९१२च्या पुस्तकात जिंक्सवर अख्खं प्रकरण लिहिलं: तिरळं माणूस दिसलं की खेळाडू धास्तावायचे, रिकाम्या पिंपांची गाडी दिसली की खूश व्हायचे. पण मधल्या दोनेकशे वर्षांत शब्द होता कुठे? म्हणून काही अभ्यासक पक्ष्याला यातून सोडवतात आणि रंगभूमीकडे बोट दाखवतात. अमेरिकेत 'कॅप्टन जिंक्स' हे गाणं १८६८ पासून गाजत होतं. १८८७च्या 'लिट्ल पक' या नाटकात तर जिंक्स हूडू नावाचं पात्रच होतं, स्वतःसकट सगळ्यांना नडणारं. मला हा दावा जास्त पटतो. शब्द पुस्तकातून मैदानात जाण्यापेक्षा नाटकातून सहज जातो.

आपल्याकडे दुर्दैवाचा हिशेब आकाशात मांडलेला आहे. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, मिळून झाली साडेसाती. ती खरी मानायची की नाही ते ज्याचं त्याने बघावं, पण निदान ती संपते कधी ते ठरलेलं आहे. जिंक्सला तशी मुदतच नाही.

आणि एक योगायोग तर अंगावर काटा आणणारा. १९१८ साली इन्फ्लुएन्झा मुंबईत उतरला आणि गावोगाव पसरला. भारतात कोटीहून अधिक माणसं दगावली. त्या साथीला मराठी माणूस मानमोडी म्हणू लागला. मुंग्या टिपणाऱ्या पाखराचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, तिकडच्या जिंक्सलाही आपल्या तापाची खबर नाही. तरी दोन वेगळ्या भाषांत, दोन वेगळ्या वाटांनी, अरिष्टाचं नाव या पाखराच्या नावाला जाऊन भिडलं. रात्री ओरडली म्हणून टिटवीला आपण अशुभ ठरवलंच आहे. यानं तर तेवढंही केलेलं नाही.

ऑक्टोबर ते मार्चमध्ये भुलेश्वरकडे गेलात, तर बाभळीखाली मुंग्यांच्या रांगेजवळ नजर ठेवा. हलला नाहीत तर बराच वेळ दिसत राहील. मान मुरडताना पाहायचा हट्ट मात्र धरू नका. जिवावर बेतल्याशिवाय तो ती सहसा मुरडत नाही.