ऱ्य (संगणकीय लेखन)

‘ऱ्य’ हे मराठीतील जोडाक्षर होय. यातील अर्धा ‘र’ रफार होऊन माथ्यावर न जाता वळणदार रेघेने पुढील अक्षरास जोडला जातो. हा भेद शोभेचा नव्हे: ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना.

युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिता येते. एकतर ‘ऱ’ (सांकेतांक ०९३१), हलन्त आणि ‘य’. किंवा साधा ‘र’, हलन्त, शून्य रुंदीचा अदृश्य जोडक आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न असल्याने एका रीतीने लिहिलेला ‘दऱ्या’ हा शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. पहिली रीत श्रेयस्कर. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो. दुसरीतील जोडक मजकूर इकडून तिकडे नेताना गळू शकतो आणि मग आचाऱ्यांचे, नकळत, आचार्य होतात.